विंचरा, भादरू नका: सीमाभागात कुत्र्या-मांजरांच्या केसगळतीचे दिवस

शिमगा जवळ आला की आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात केर काढताना सुपलीत धुळीपेक्षा केसच जास्त येतात. आमच्या मोती कुत्र्याचे पांढरे, चिमी मांजरीचे करडे. ते दाराबाहेर झटकायचीही सोय नाही, कारण गल्लीत माग आहेत आणि धाग्यात केस गेला की विणणाऱ्याचं काम वाढतं. याच दिवसांत ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. बहुतेकांनी वर्षा-दोन वर्षांत पहिल्यांदाच कुत्रं किंवा मांजर पाळलेलं असतं. "ताई, रोज मूठमूठ केस निघायलेत बघा. पिल्लाला काय झालंय की काय?"

दहातल्या आठ वेळा काही झालेलं नसतं. उरलेल्या दोन वेळा मात्र झालेलं असतं, आणि त्यातला फरक जमिनीवरच्या केसांकडे बघून कळत नाही. तो कातडी बघून कळतो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या: केस किती पडले ते मोजू नका, ते जिथून पडले तिथली कातडी बघा.

केस गळतात कशामुळे

प्रत्येक केसाचं आयुष्य ठरलेलं असतं. तो काही काळ वाढतो, मग वाढायचा थांबतो, तसाच मुळाशी टिकून राहतो आणि खालून नवा केस आला की गळतो. हे चक्र कधी फिरवायचं ते जनावराचं शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. उष्णतेचा वाटा त्यानंतरचा. बेळगावात वर्षातला सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि सगळ्यात मोठा १३ तासांचा. फरक जेमतेम दोन तासांचा, त्यात आपल्या घरात रात्री अकरापर्यंत ट्यूब पेटलेली. म्हणून थंड देशांत जसे वर्षातून दोनदा एकदम केस झडतात तसं इथे स्पष्ट दिसत नाही. बारा महिने थोडेथोडे गळतात आणि दोनदा जोर येतो: एकदा फेब्रुवारीच्या शेवटापासून वळवाच्या पावसापर्यंत, दुसऱ्यांदा नवरात्रानंतर थंडी पडेपर्यंत.

आता तुमच्या घरात कोण आहे ते बघा. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि आपल्याकडे सगळे ज्याला 'पामेरियन' म्हणतात तो पांढरा स्पिट्झ, यांच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ, लांब केस आणि आत कापसासारखी दाट लव. हंगामात ही लव पुंजक्यापुंजक्यांनी निघते. शिह त्झू आणि पूडल यांचे केस माणसासारखे वाढतच जातात, त्यांची गळती कमी पण गुंता भयंकर. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ कुत्रं अगदी आखूड केसांचं. त्याला विंचरायला दोन मिनिटं पुरतात. पण अंगावर चरबी आणि लव दोन्ही नसल्यानं डिसेंबरात पहाटे ते खरंच कुडकुडतं, त्याला पोत्यावर किंवा गोधडीवर झोपवा. नुसत्या फरशीवर झोपवलं तर कोपरांची कातडी घट्ट होऊन तिथले केस कायमचे जातात. गल्लीतलं गावठी कुत्रं घरी आणलं असेल तर त्याचे केस बहुधा मधल्या प्रकारचे असतात, आणि सांभाळायला सगळ्यात सोपं तेच.

पिल्लू असेल तर चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याचे मऊ बाळकेस जाऊन मोठे केस येतात. व्यालेल्या कुत्रीचे केस पिल्लं दोन-तीन महिन्यांची होईतो इतके झडतात की माणूस घाबरतो. दोन्हीत आजार काही नाही.

पहिली पायरी: रोज हात फिरवा

सकाळी उजेड असताना, विजेच्या दिव्याखाली नव्हे, जनावराजवळ जमिनीवर बसा. आधी केसांच्या दिशेनं हात फिरवा, त्याला बरं वाटू द्या. मग बोटांनी केस उलटे सारत मानेपासून शेपटापर्यंत जा. कानांच्या मागे, काखेत, पोटाखाली, जांघेत, शेपटाच्या बुडाशी आणि बोटांच्या बेचक्यांत नक्की बघा. जे काही होतं ते याच जागांवर आधी होतं.

शेपटाच्या बुडाशी मिरीची पूड सांडल्यासारखे काळे कण दिसले तर ते मळ समजून सोडून देऊ नका. एक पांढरं फडकं ओलं करा, ते कण त्यावर घ्या आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे जनावराचंच पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर माती. मी चिमीला घरी आणली तेव्हा महिनाभर तिच्या अंगावर एकही पिसू मला दिसली नव्हती. फडक्यावर मात्र सात-आठ तांबूस ठिपके उमटले. मांजर चाटून पिसवा गिळतं, म्हणून त्या दिसत नाहीत. खाणाखुणा राहतात.

साधी गळती सगळ्या अंगावर सारखी असते. कातडी स्वच्छ असते, जनावर खाजवत नाही, खातं-पितं नेहमीसारखं असतं.

दुसरी पायरी: साधनं

फार खर्च करू नका. दोन थरांच्या कुत्र्याला आतली लव काढणारा लांब दातांचा रेक आणि एक वाकड्या तारांचा ब्रश, आखूड केसांच्या कुत्र्याला रबरी हातमोजा, लांब केसांच्या मांजराला धातूचा कंगवा. शिवाय आपल्या घरात उवांसाठी असते तसली बारीक फणी एक वेगळी ठेवा, पिसवा शोधायला ती उत्तम. लव काढायला विकतात ते पात्याचं महागडं यंत्र मी नव्या माणसाला घ्यायला सांगत नाही. हात जड पडला तर ते वरचे चांगले केसही कापतं आणि कातडी लाल करतं.

तिसरी पायरी: विंचरणं

इथे घाई करू नका. सगळी कला इथेच आहे.

बहुतेक लोक वरवर ब्रश फिरवतात, चार केस निघाले की खूश होतात आणि आतली लव तशीच राहते. वरून कुत्रं चकचकीत, खाली नमदा. म्हणून आपण मुलीची वेणी घालताना भांग पाडतो तसा भांग पाडा. डाव्या हातानं केस वर धरून ठेवा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेनं, छोटे छोटे हात मारत विंचरा. तेवढं मोकळं झालं की बोटभर वर दुसरा भांग. मागच्या पायांवर 'धोतरा'सारखे लोंबते केस असतात आणि मानेभोवती आयाळ असते, तिथे सर्वांत जास्त लव साठते. वेळ तिथे द्या, पाठीवर नको. हात इतका हलका हवा की आधी स्वतःच्या मनगटावर ओढून बघितलं तर ओरखडा उठू नये.

हंगामात रोज दहा मिनिटं, एरवी आठवड्यातून दोनदा. रविवारी एकदम दीड तास बसून जनावराला छळण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी चांगली. मोती पहिली दोन वर्षं कंगवा बघितला की पलंगाखाली जायचा. मग मी त्याच्या जेवणाच्या आधी, त्याच जागी, त्याच चटईवर बसायला लागले. आता मी चटई अंथरली की तो येऊन आडवा होतो.

मांजराचं गणित निराळं. दोन-तीन मिनिटं, बस. शेपटी फटकारायला लागली किंवा पाठीची कातडी थरथरली की थांबा, उरलेलं संध्याकाळी. पोटाला हात लावायची घाई करू नका. पण विंचरणं टाळूही नका, कारण मांजर गळालेले केस चाटून गिळतं आणि ते पोटात गोळा होतात. कधीमधी केसांची वळकटी ओकली तर ठीक. वारंवार ओकायला लागलं, किंवा ओकारी येते पण काही पडत नाही आणि खाणं सुटलंय, तर त्याच दिवशी दवाखाना. म्हातारं किंवा लठ्ठ झालेलं मांजर स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही. त्याच्या कमरेवर गाठी दिसल्या तर ते आळशी झालंय म्हणू नका, त्याला सांधेदुखी आहे का ते दाखवा.

गाठ सापडली तर कात्री लावू नका. मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि केस समजून आपण कातडीच कापतो. चिमटीभर कॉर्नफ्लोर गाठीत चोळा, बोटांनी हळूहळू सुटी करा, मग कंगव्याच्या टोकानं बाहेरच्या बाजूपासून आत जा. कातडीला चिकटलेली घट्ट गाठ असेल तर ती डॉक्टरांकडूनच मशीननं काढून घ्या.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसात आणि बांधावर हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या अंगात गोखरू, आघाडा आणि गवताची कुसळं अडकतात. कुसळ बोटांच्या बेचक्यातून किंवा कानातून आत शिरलं की पू होतो. शेतातून आल्यावर पाय आणि कान बघितल्याशिवाय कुत्र्याला सोडायचं नाही.

भादरण्याबद्दल

मार्च उजाडला की शेजारपाजारचे मायेपोटी सांगतात, "एवढ्या केसांत उकडत असेल हो त्याला, भादरून टाका की." आम्हीही ऐकलं. मोती चार वर्षांचा असताना एप्रिलात एका दुकानात नेऊन त्याच्यावर मशीन फिरवून घेतलं, अगदी कातडी दिसेपर्यंत. दुकानदारानं दोनदा विचारलं, आम्हीच हो म्हटलं. आठवड्यात त्याची पाठ उन्हानं लाल झाली, मग सोलली. दिवाळीपर्यंत केस आले, पण कमरेवरचा तळहाताएवढा तुकडा पुढच्या गणपतीपर्यंत तसाच उघडा राहिला. दर वेळी तिथे हात गेला की मला वाईट वाटायचं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून थंड होतं, थोडा घाम पंजांच्या गादीतून. त्यामुळे केस काढून त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. उलट वरचे राठ केस ऊन कातडीपर्यंत येऊ देत नाहीत आणि त्यांच्यातली मोकळी हवा ऊन-थंडी दोन्ही अडवते. भादरल्यावर मऊ लव आधी वाढते, राठ केस मागून येतात, कधी नीट येतही नाहीत. आतली मेलेली लव विंचरून काढली की हवा खेळते आणि काम होतं. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात सावली, पाण्याचं घमेलं आणि फिरण्याची वेळ पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, एवढं सांभाळा. शिह त्झू-पूडलचे केस कापायला हरकत नाही, पण बोटभर तरी ठेवा.

चौथी पायरी: आंघोळ

आधी विंचरा, मग आंघोळ. उलटं केलं तर सुटे केस पाण्यानं आवळतात आणि गाठी पक्क्या होतात. कुत्र्याला महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे. रोज मातीत लोळत असेल तर नुसत्या पाण्यानं धुवा. पाणी कोमट. शाम्पू कुत्र्यासाठीचाच, कारण त्याच्या कातडीचा गुण आपल्यापेक्षा वेगळा आहे आणि आपल्या शाम्पूनं ती कोरडी पडून कोंडा होतो. कपड्याचा साबण, फिनेल, जंतुनाशक द्रव, यातलं काही नको. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो बहुधा दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा असतो. घड्याळ लावा, अंदाजानं पाच मिनिटंही होत नाहीत. लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या.

धडधाकट मांजराला आंघोळीची गरज नसते. घरची फरशी फिनेलनं पुसत असाल तर ती पूर्ण वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवा, पाय चाटताना ते पोटात जातं.

पाचवी पायरी: ताटलीत काय आहे

केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. दूध-भाकरी किंवा ताक-भातावर वाढलेल्या कुत्र्याचे केस राठ, निस्तेज होणारच. घरचं जेवण देत असाल तर त्यात रोज अंडं, चिकन किंवा मासा असू द्या. अंडं उकडून द्या; कच्च्या पांढऱ्या बलकातला एक घटक केसांना लागणारं बायोटिन बांधून ठेवतो. कारवार-गोव्याकडून येणारे तारली आणि बांगडे केसांसाठी फार चांगले, त्यात ओमेगा-३ असतं. मीठ-तिखट न घालता उकडायचे, काटे काढायचे, आठवड्यातून एक-दोनदा. मांजर तर पक्कं मांसाहारी आहे. त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य आणि तयार जीवनसत्त्व अ फक्त प्राण्यांच्या अन्नातून मिळतं, दूध-भातानं त्याचं भागत नाही.

कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. अथणीकडच्या पाव्हण्यांनी आणलेले बेदाणे कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, थोड्या बेदाण्यांनीही त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नवं खाणं सुरू केल्यावर केसांत फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

गोचीड, पिसवा आणि तंबाखूचं पाणी

माझं माहेर निपाणी. तिकडे तंबाखूच्या वखारी, त्यामुळे जनावरांच्या गोचिडांवर तंबाखू भिजवलेलं पाणी लावायची जुनी पद्धत मी लहानपणापासून बघितली आहे. कृपा करून ते करू नका. निकोटिन कातडीतून शोषलं जातं, वर जनावर अंग चाटतं. लाळ गळणं, थरथर, झटके, आणि लहान जनावर असेल तर थेट मृत्यू. गोचिडावर रॉकेल ओतणं, अंगाला कापूर-तेल चोळणं, म्हशीसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजानं पातळ करून कुत्र्याला लावणं, हेही तितकंच वाईट.

त्याहून महत्त्वाचं: कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्याच्या थोड्या थेंबांनीही झटके येऊन जीव जाऊ शकतो. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

एखादा गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीला लागून धरा, सरळ, संथ ओढा. पिळू नका, बोटांनी चिरडू नका. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, रक्तातल्या पेशी कमी होतात; जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर वेळ घालवू नका. आणि एक पिसू दिसली म्हणजे तिची अंडी अंथरुणात आहेत असं समजा. अंथरुण गरम पाण्यात धुवा, पलंगाखालचा कोपरा झाडून काढा.

पावसाळा

आमच्या वन्सं खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या बाजूला राहतात. तिथे जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, तर कुत्रं कसं वाळणार? ओल्या लवेखाली कातडी दमट राहते आणि एका रात्रीत रुपयाएवढा लाल, चिकट, दुखरा चट्टा पडतो. उपाय साधा पण रोजचा: बाहेरून आलं की जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं कातडीपर्यंत पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पंख्याखाली बसवा. विंचरणं पावसात तर अजिबात सोडू नका. त्या बाजूला बोटांमध्ये जळू चिकटलेली असते, तेही बघा.

याच दिवसांत गोल चट्टा पडून केस तुटलेले, कडेला कोंडा, असं दिसलं तर नायटा समजा. हा मांजरांत, विशेषतः लांब केसांच्या मांजरांत खूप, आणि माणसालाही होतो, पोरांना लवकर. औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधं मिसळलेली मलमं आणून लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरते. उपचार कित्येक आठवडे चालतो आणि बरं दिसल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायचा नाही.

दवाखान्यात कधी जायचं

एकाच जागी टक्कल पडलं. दोन्ही कुशींवर सारखे केस गेले, खाज नाही, पण वजन वाढतंय आणि कुत्रं सुस्त झालंय. अशा वेळी थायरॉइड तपासतात. कातडीला वास, चिकटपणा किंवा पुटकुळ्या. मांजर पोट चाटून चाटून गुळगुळीत करतंय. रात्रभर खाजवणं. यातलं एकही असेल तर घरगुती काही न करता दाखवा. कातडीचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की खरूज की बुरशी हे बऱ्याचदा तिथेच कळतं, म्हणून तो घ्यायला सांगा. जाण्याआधी दोन दिवस तेल-मलम काही लावू नका.

कोल्हापूर-सांगलीकडून इकडे नव्यानं आलेल्यांना सरकारी दवाखान्यात कन्नड बोलणारं कुणी भेटलं तर अडचण वाटते. चार शब्द पुरतात: नायी म्हणजे कुत्रा, बेक्कु म्हणजे मांजर, कूदलु म्हणजे केस, तुरिके म्हणजे खाज. बाकीचं बोट दाखवून सांगता येतं, आणि समोरचा माणूसही मनापासून ऐकतो.

शेवटचं काम नोंदींचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गळती कधी सुरू झाली, आंघोळ कधी घातली, गोचिडाचं औषध कधी लावलं, एवढं लिहीत जा. दोन वर्षांत तुमच्या जनावराचा हंगाम तुम्हाला पाठ होतो आणि वेगळं काही झालं तर लगेच कळतं. मोतीची गळती गेल्या वर्षी होळीच्या चार दिवस आधी सुरू झाली, असं आमच्या मार्चच्या पानावर लिहिलेलं आहे. म्हणून यंदा मी रेक आणि फणी आधीच धुऊन गच्चीवर उन्हात ठेवली आहे.